कोणत्या तोंडाने सांगू?

मुंजीला तीन आठवडे उरले होते आणि मुंजमुलाचे वडील समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसून होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) हातात गुरुजींनी दिलेली सामानाची यादी, चार घड्या घातलेली. बोलणं सुरू होईना, म्हणून मीच विचारलं, "यादीतलं काय राहिलंय?"

"सगळं आणलं. मुलगाच अडून बसलाय."

मुलगा बारा वर्षांचा. मुंज आठव्या वर्षीच व्हायची, पण त्या वर्षी हे गृहस्थ नशामुक्ती केंद्रात होते. त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून थेंबही नाही, उलट आता व्यसनमुक्तीच्या बैठकांना जाऊन नव्याने आलेल्यांना धीर देतात. तर गुरुजी संध्या शिकवायला घरी येत होते. गायत्रीच्या आधी ऋषी, छंद, देवता यांचा उच्चार करतात. ऋषी विश्वामित्र, हे ऐकलं आणि पोरगं थांबलं. "हाच ना तो मेनकेला भुललेला? वसिष्ठांची मुलं मारणारा? त्याचा मंत्र मी का म्हणायचा?" आजोबांनी म्हण ऐकवली, ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये. त्यावर चिरंजीव म्हणाले, "म्हणजे विचारलं की काहीतरी निघतं."

मला हसू आलं. त्यांना नाही.

"मॅडम, मंत्र बापाने सांगायचा असतो. शालीखाली घेऊन, कानात. मी कोणत्या तोंडाने सांगू?"

ऋषींबद्दलचा हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा येतो. कुणाला पराशर-मत्स्यगंधा खुपतात, कुणाला रेणुकेचा वध करायला सांगणारे जमदग्नी. खाली बहुतेक वेळा घरातलंच एखादं माणूस असतं. पण म्हणून वरचा प्रश्न खोटा ठरत नाही. तो झटकून "तुम्हाला नेमकं काय वाटतंय ते बोला" म्हटलं की माणूस मिटतो, हे मी सुरुवातीच्या वर्षांत चुका करून शिकले. तेव्हा आधी विश्वामित्र.

मी विचारलं, विश्वामित्रांची ही सगळी लफडी रामायणात सांगतं कोण? त्यांना माहीत नव्हतं. बालकांडात जनकाचा पुरोहित शतानंद ती रामाला सांगतो. शतानंद म्हणजे गौतम-अहल्येचा मुलगा, स्वतःच मोडलेल्या घरातला. आणि विश्वामित्र तिथेच बसलेले आहेत! शबला गाय हिसकावण्यासाठी वसिष्ठांच्या आश्रमावर घातलेलं सैन्य, त्रिशंकूच्या यज्ञापायी वसिष्ठपुत्रांना दिलेला शाप, मेनकेपायी गेलेली दहा वर्षं, रागाच्या भरात दगड करून टाकलेली रंभा. शिष्याच्या देखत एकेक बाहेर निघतंय आणि हा माणूस मध्ये तोंड घालत नाही. "तेव्हाची परिस्थिती वेगळी होती" असंही म्हणत नाही.

पुढचा भाग मला जास्त आवडतो. रंभेला शाप दिल्यावर त्यांना लगेच पस्तावा होतो, आपण राग गिळू शकलो नाही म्हणून. मग हजार वर्षं मौन. ते पुरं करून जेवायला बसणार, तोच इंद्र ब्राह्मणाच्या वेशात येऊन तेच अन्न मागतो. हे सगळं देऊन टाकतात आणि चकार शब्द काढत नाहीत. जी जीभ रंभेवर सुटली, तीच इथे दातांमागे राहिली. ब्रह्मर्षी म्हणून वसिष्ठांनी मानलं ते याच्याही नंतर.

गृहस्थ म्हणाले, "बैठकीत आम्ही हेच करतो. उभं राहून सगळ्यांसमोर सांगतो."

"आणि घरी?"

बराच वेळ ते यादीच्या घड्या उलगडत राहिले. "घरी विषय निघत नाही."

मग मी जरा टोचलंच. कॅलेंडरवरचं ते जुनं चित्र आठवतं ना, मेनका बाळ पुढे करतेय आणि ऋषी हात वर करून तोंड फिरवतायत? आपली भाषा काही विसरत नाही. विश्वामित्री पवित्रा म्हणतात तो हाच. त्यांनी मान हलवली.

तैत्तिरीय उपनिषदात शिकून घरी निघालेल्या शिष्याला गुरू सांगतो, "यान्यस्माकं सुचरितानि, तानि त्वयोपास्यानि, नो इतराणि." आमचं जे चांगलं वागणं असेल तेवढंच घे, बाकीचं नको. बाकीचं आहे, हे गुरू स्वतःच कबूल करतोय. ही ओळ मी त्यांना यादीच्या पाठीमागे लिहून दिली.

ही कथा मी सगळ्यांना सांगत नाही. ज्या घरात मारझोड अजून चालू आहे, किंवा कुणा महाराजाबद्दलची तक्रार दाबायला "ऋषीसुद्धा चुकले होते" म्हटलं जातंय, तिथे तर मुळीच नाही. तिथे विश्वामित्र नव्हे, पोलीस आठवावेत.

पुढच्या आठवड्यात ते आले तेव्हा यादी नव्हती. रविवारी गच्चीवर मुलाला सांगितलं म्हणाले. केंद्र, नोकरी कशी गेली ते, त्याच्या आईच्या पाटल्या आपणच विकल्या ते. पोरगं पाण्याच्या टाकीला टेकून ऐकत राहिलं. केंद्राचं त्याला ठाऊकच होतं. पाटल्यांचं नव्हतं.

"काही म्हणाला?"

"रंभेचं पुढे काय झालं, विचारलं."

मी वाचलेलं सांगितलं. ती बिचारी नको नको म्हणत, थरथरत, इंद्राच्या हुकमाने गेली होती. दहा हजार वर्षांचा दगड. कुणीतरी तपस्वी ब्राह्मण सोडवील एवढाच उःशाप.

"हो, वाचलं आम्ही. तो म्हणतो, विश्वामित्र मोठे झाले ते ठीक, पण दगड तर तीच झाली ना?"

मला पटकन काही सुचलं नाही. "तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, आईला विचारू." ते उठले, दारापर्यंत गेले आणि वळले. "गुरुवारी आम्हा दोघांना वेळ मिळेल का? ती येते म्हणालीय."