शेवटच्या दिवसाआधी लिंक्डइनचा ईमेल बदलून घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लिंक्डइनचं खातं सध्याच्या ऑफिसच्या ईमेलवर आहे, येत्या शुक्रवारी नोकरीचा शेवटचा दिवस आहे, आणि कॉलेजात असताना काढलेलं एक जुनं खातंही तसंच पडून आहे. दोन्हींचं काय करावं?

ऑफिसचा ईमेल आज रात्रीच बदला, शुक्रवारवर ठेवू नका. जुन्या खात्याचं नंतर निवांत बघता येईल.

घाई करायला का सांगतेय? मी आयटी विभागात काम करते आणि माणूस सोडून गेला की त्याच्या मेलबॉक्सचं काय होतं ते रोज बघते. एचआरकडून तिकीट, म्हणजे खातं बंद करायची विनंती, येतं आणि संध्याकाळपर्यंत लॉगिन बंद होतं. काही ठिकाणी लॅपटॉप जमा करायच्या आधीच, दुपारी बंद करतात. मायक्रोसॉफ्ट ३६५ वापरणाऱ्या कंपन्यांत क्लायंटचे मेल बुडू नयेत म्हणून तो मेलबॉक्स बऱ्याचदा शेअर्ड (म्हणजे दुसऱ्यालाही वाचता येईल असा) करून मॅनेजरला उघडून देतात. म्हणजे सोमवारी तुम्ही 'फरगॉट पासवर्ड' दाबलंत, तर ती लिंक तुमच्या जुन्या साहेबांच्या आउटलुकमध्ये जाऊन पडणार. रिक्रूटरने मेसेज पाठवला की त्याची सूचनाही तिथेच. साहेब कितीही सज्जन असले तरी हे त्यांच्यासमोर जायचं काहीच कारण नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. कॉम्प्युटरवर वर तुमच्या फोटोखाली 'मी' असं असतं, तिथून 'सेटिंग्ज अँड प्रायव्हसी', मग 'साइन इन अँड सिक्युरिटी', त्यात 'ईमेल ॲड्रेसेस'. तिथे स्वतःचा खासगी ईमेल जोडा. त्या पत्त्यावर खात्री करण्यासाठी मेल येतो, त्यातली लिंक उघडा. मेल दिसला नाही तर स्पॅममध्ये बघा. खात्री झाली की परत त्याच पानावर येऊन नवा पत्ता प्रायमरी, म्हणजे मुख्य, करा. हे विसरू नका, कारण नुसता पत्ता जोडून काम होत नाही. सूचना प्रायमरी पत्त्यावरच जातात आणि प्रायमरी पत्ता काढूनही टाकता येत नाही. म्हणून आधी नवा प्रायमरी, मग ऑफिसचा रिमूव्ह, हाच क्रम ठेवा.

तुमच्या बाबतीत इथे एक अडचण येऊ शकते. एक ईमेल एकाच वेळी दोन लिंक्डइन खात्यांवर चालत नाही. तुमचा खासगी पत्ता जीमेलचा असेल आणि कॉलेजातलं खातंही तुम्ही त्याच जीमेलवर काढलं असेल, तर 'हा पत्ता आधीच वापरात आहे' अशा अर्थाचा निरोप येईल आणि पत्ता जोडला जाणार नाही. घाबरू नका. तूर्त दुसरा एखादा खासगी पत्ता जोडून तो प्रायमरी करा आणि ऑफिसच्या पत्त्यातून मोकळे व्हा. जीमेलचा गुंता नंतर सोडवता येतो.

तो सोडवायचा मार्ग म्हणजे दोन खाती एकत्र करणं. जे खातं ठेवायचंय त्यात लॉगिन करून 'अकाउंट प्रेफरन्सेस'मध्ये 'मर्ज अकाउंट्स' शोधा आणि जे बंद करायचंय त्याचा ईमेल-पासवर्ड द्या. पण नीट लक्षात घ्या, इकडे फक्त कनेक्शन्स येतात. मेसेज, रेकमेंडेशन (लोकांनी लिहिलेली शिफारस), एंडोर्समेंट (तुमच्या कौशल्यांना दिलेली पावती) काहीच येत नाही. कॉलेजच्या सरांनी तेव्हा चार ओळी प्रेमाने लिहून दिल्या असतील, तर त्या गेल्याच. म्हणून मर्ज करण्याआधी जुन्या खात्यातून 'गेट अ कॉपी ऑफ युवर डेटा' वापरून सगळं उतरवून घ्या. जुन्या खात्याचा पासवर्ड आठवत नसेल आणि त्यावरचा कॉलेजचा ईमेलही बंद पडला असेल, तर लिंक्डइनकडे सरकारी ओळखपत्र देऊन ओळख पटवावी लागते. ते वेळखाऊ आहे, पण होतं.

शुक्रवार हुकलाच तरी सगळं संपलं असं नाही. फोनवर ॲपमध्ये लॉगिन चालू असेल आणि पासवर्ड माहीत असेल तर लॉगआउट अजिबात करू नका. तिथूनच नवा पत्ता जोडा, खात्रीचा मेल नव्या पत्त्यावर येतो. लॉगआउट करून नव्या मोबाइलवरून आत जायला गेलात, तर लिंक्डइन कोड मागू शकतं आणि तो कोड बंद झालेल्या ऑफिसच्या मेलवर गेला की अडकलात.

नव्या कंपनीचा ईमेल जोडायला हरकत नाही, प्रोफाइलवर नोकरीची पडताळणी दाखवायला तो कामाला येतो. फक्त तो कधीही प्रायमरी करू नका. तुमचं खातं, ओळखी, इतक्या वर्षांचं काम तुमचं स्वतःचं आहे. ते कंपनीच्या दारावर टांगून ठेवू नये असं माझं ठाम मत आहे.

खासगी पत्ता निवडतानाही विचार करा. वर्षानुवर्षं न उघडलेलं जीमेल नको. दोन वर्षं वापर नसलेली खाती गूगल काढून टाकू शकतं, हे धोरण २०२३च्या डिसेंबरपासून लागू आहे. रोज उघडता तोच पत्ता द्या.

पत्ता बदलला की 'व्हिजिबिलिटी'मध्ये तुमचा ईमेल कोणाला दिसतो तेही तपासा. तिथे 'फक्त मला' असा पर्याय आहे. कनेक्शन्सना त्यांच्या डेटासोबत तुमचा ईमेल उतरवून घेता येतो का, याचं बटण वेगळं आहे, तेही बंद करा. आणि त्याच बैठकीत पासवर्ड बदलून टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर कोडही मागणारी दुसरी पायरी, लावा. २०१२मध्ये लिंक्डइनचे पासवर्ड चोरीला गेले होते आणि २०१६मध्ये त्यातले ११ कोटींहून जास्त ईमेल-पासवर्ड विक्रीला आल्याचं उघड झालं. तुमचं कॉलेजचं खातं त्याआधीचं असेल आणि तोच पासवर्ड अजून कुठे वापरत असाल, तर तिथलाही बदला.

आज रात्री करून बघा आणि जीमेल जोडताना नेमका काय निरोप आला ते इथे लिहा, म्हणजे पुढचं सांगता येईल.