शब्द कळतात, अर्थ निसटतो

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. इंग्रजी उताऱ्यातला प्रत्येक शब्द ती शब्दकोशात पाहते, तरीही अलंकारिक वाक्यापाशी अडखळते. आणि निबंधात ‘यातून काय उमगले’ असे विचारले, की घडलेली हकिकतच पुन्हा लिहिते. तिला कशी मदत करावी?

उत्तर : तिची मेहनत खरी आहे, ती फक्त चुकीच्या जागी खर्च होते आहे. ‘हर व्हॉइस वॉज व्हेल्वेट’ हे वाक्य घ्या. व्हेल्वेट म्हणजे मखमल हे कळले, तरी आवाज मखमल कसा असेल, हा प्रश्न उरतोच. इथे मराठी व्याकरणच उपयोगी पडते : आवाज हे उपमेय (ज्याची तुलना होते ते), मखमल हे उपमान (ज्याच्याशी तुलना होते ते), आणि दोहोंतला मऊपणा हा साधारण धर्म, जो वाक्यात लिहिलेला नसून वाचकालाच शोधावा लागतो. ‘सारखा’ या अर्थाचे ‘लाइक’ किंवा ‘अ‍ॅज’ असते तर ही उपमा झाली असती. ते नाही, म्हणून हे रूपक. मात्र अलंकाराचे नाव ओळखून थांबू नका; लेखकाने रेशीम न म्हणता मखमलच का म्हटले, हे तिला जरूर विचारा. ‘स्पिल द बीन्स’ म्हणजे गुपित फोडणे, असे वाक्प्रचार मात्र सरळ पाठच करावेत.

निबंधासाठी तिला हकिकतीतला एकच क्षण निवडायला सांगा. ‘मी शर्यत हरले’ ही घटना झाली. ‘हरल्यावर मी मैत्रिणीचे अभिनंदन टाळले, आणि हरण्यापेक्षा त्याचीच लाज मला अधिक वाटली’ हे चिंतन. त्या क्षणी काय वाटले, हे विचारल्यावर ती गप्प राहिली, तरी उत्तर तुम्ही सुचवू नका.