होम-स्टेमधली दारू, गोव्याची बाटली आणि 'आता सगळं घरपोच मिळतं'

तारकर्लीजवळ चार खोल्यांचा होम-स्टे चालवणाऱ्या ताईंचा प्रश्न असा: पाहुणे गोव्याहून येताना बाटल्या आणतात, काही जण 'तुम्हीच मागवून द्या, पैसे घ्या' म्हणतात. आणि मुंबईचा दीर सांगतो की कायदा बदललाय, वाईन किराणा दुकानात मिळते, बाकीचं घरपोच येतं. यातलं खरं किती?

मी महामार्गालगतच्या एका वाईन शॉपचा हिशेब नऊ वर्षं सांभाळला, आणि भाचा आता घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो. दोन्ही बाजू पाहिल्यात म्हणून जरा लांबलचक लिहितो.

गोव्याच्या बाटलीपासून सुरुवात करू, कारण आपल्याकडे माणूस अडकतो तो तिथेच. दारू हा राज्याचा विषय. शुल्क राज्याचं, नियमही राज्याचे, पिण्याच्या दारूवर जीएसटीसुद्धा नाही. त्यामुळे गोव्याच्या हद्दीवरचं पत्रादेवी ओलांडून बांद्यात शिरलात की तीच बाटली वेगळ्या कायद्याखाली येते: महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949. बाहेरच्या राज्यातून परवान्याशिवाय दारू आणणं हा कलम 65 खालचा गुन्हा, आणि ज्या गाडीतून आणली ती गाडीही जप्त होऊ शकते. लोकांच्या डोक्यात असतं, दोन बाटल्यांचं कोण बघतंय. भाच्याकडे आलेल्या एका पाहुण्याने स्टेपनीच्या खळग्यात सहा बाटल्या ठेवल्या होत्या, वर काजूची पिशवी. इन्सुलीच्या नाक्यावर शिपायाने पिशवी उचललीसुद्धा नाही, नुसता हात घालून स्टेपनी हलवली. बाटल्या वाजल्या. पुढचे दोन दिवस माणूस समुद्राऐवजी वकिलाच्या बाकड्यावर. ढाब्यावर 'ता चलता रे, सगळे नेतत' म्हणणारा त्या दिवशी कुठेच दिसला नाही. गोव्यातला दुकानदार एखादी चिठ्ठी देतो, पण महाराष्ट्राचा परवाना म्हणून ती इथे चालत नाही.

पाहुण्यांना हा मोह का होतो, तेही उघड आहे. जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शुल्क वाढवलं. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावर (म्हणजे व्हिस्की, रम, आपल्या भाषेत 'इंग्लिश') ते उत्पादन किमतीच्या तिप्पट होतं, ते साडेचार पट केलं. 180 मिलिलिटरची किमान किंमत देशीला 80, नव्या 'महाराष्ट्र मेड लिकर'ला 148, विदेशीला 205 आणि प्रीमियमला 360 रुपये ठरवली. कुडाळात दर वाढले की गोव्याची बाटली आपोआप स्वस्त वाटायला लागते.

आता तुमचा मुख्य प्रश्न. पाहुणा स्वतः परवानाधारक दुकानातून घेऊन आला आणि आपल्या खोलीत बसून प्यायला, तर तो त्याचा मामला. अट एवढीच की त्याच्याकडे दारू पिण्याचं परमिट हवं. हसू नका, कायद्याने ते अजून लागतं. एका दिवसाचं विदेशीसाठी 5 रुपये, देशीसाठी 2. वर्षाचं 100, आजीवन 1000. आमच्या दुकानात एकदिवसीय परमिटचं पुस्तक गल्ल्याखाली असायचं. गिऱ्हाईक मागायचं नाही आणि आम्ही फाडायचो नाही, रात्री बसून भरायचो. ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही. पण पाहुण्याला वर्षाचं किंवा आजीवन परमिट ऑनलाइन काढता येतं, तेव्हा बुकिंगच्या वेळीच सांगून टाका. बिअरसाठी वय 21 आणि व्हिस्की-रमसाठी 25 हेही सांगा, कारण कॉलेजची पोरं डिसेंबरात तुमच्याकडेच येणार.

तुम्ही मागवून दिलीत आणि पैसे घेतलेत, मग ते जेवणाच्या बिलात लपवून का होईना, की ती विनापरवाना विक्री झाली. चार खोल्यांचे पाहुणे ओसरीवर एकत्र बसवून ग्लास, बर्फ, सुरमईचा तुकडा देत राहिलात तर त्याला 'सार्वजनिक गुत्ता' म्हणता येतं. कलम 68 तुमच्यावर, 84 तिथे सापडलेल्या पाहुण्यांवर. परमिट रूमचा परवाना वेगळा असतो, एफएल-3, आणि चार खोल्यांच्या धंद्याला तो झेपत नाही. महामार्गाजवळ असाल तर वर अंतराचीही भानगड. डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत विक्री बंद केली. मार्च 2017 मध्ये वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी ते 220 मीटर केलं (पुढे त्यात आणखी सवलती आल्या). आमचं दुकान 1 एप्रिल 2017 ला बंद झालं. मालकाने त्याआधी तीनदा टेप लावून मोजून घेतलं होतं, जणू चौथ्यांदा मोजल्यावर रस्ता मागे सरकणार होता.

दिराचं म्हणणं अर्धवट ऐकीव दिसतं. जानेवारी 2022 मध्ये 1000 चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला होता. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, सरकारने हरकती-सूचना मागवल्या, आणि अंमल झालाच नाही. बातमी मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिली. शिवाय तो निर्णय फक्त वाईनपुरता होता, आणि आपल्या नाक्यावरचं किराणा दुकान काही हजार फुटांचं नसतं.

घरपोचचं मूळ मे 2020 मधलं. टाळेबंदीत दुकानांपुढे रांगा लागल्या, सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना घरपोच विक्रीचा विचार करा म्हटलं, आणि महाराष्ट्राने परवानाधारक दुकानदारांना परमिटधारक गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायला मुभा दिली. म्हणजे तेव्हाही दोन कागद लागत होते, दुकानदाराचा आणि पिणाऱ्याचा. होम-स्टेवाल्याने मध्ये राहून मागवायचं हे त्यात कधीच नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅपवर 'तारकर्लीत कुठेही पोच' म्हणणारा कुणी भेटला तर त्याला दुकानाचा परवाना क्रमांक विचारा. बहुतेक तिथेच तो गप्प होईल, कारण त्याच्या डिकीत गोव्याचाच माल असतो.

आणि तुमच्या ऑनलाइन जाहिरातीत 'ड्रिंक्सची सोय होईल' असं लिहिलंय ना, ते आज रात्रीच काढा. सोलकढी आणि कोकम सरबत लिहा हवं तर.