वाचकांचे प्रश्न : ब्लॉक्सचा माड उभा कसा राहील?

प्रश्न : नमस्कार दादा. दिवेआगरला आमची वाडी आहे, म्हणजे होती असंच म्हणायला हवं, कारण 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं त्यात निम्म्याहून जास्त माड-पोफळी, म्हणजे नारळ-सुपारीची झाडं, आडवी झाली. मुलगा तेव्हा अगदी लहान होता, त्याला जुनी वाडी आठवतच नाही, पण आजोबांकडून ऐकून ऐकून त्याने ठरवलंय की यंदा चवथीला बाप्पासमोर ब्लॉक्सची वाडी उभी करायची. मिक्स ब्लॉक्स आहेत आठशेच्या आसपास. पण माड उभाच राहत नाही, पंखा लावला की पडतो, आणि कसाही केला तरी छत्री दिसते. काय चुकतंय?
— एक वाचक, दिवेआगर

उत्तर : ताई, आधी मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या, आरास म्हणून याहून चांगली गोष्ट मला तरी सुचली नसती.

छत्री का दिसते सांगतो. तुमच्या सगळ्या झावळ्या एकाच उंचीवर, एकाच कोनात लागल्या असणार. मुलाला आणि आजोबांना घेऊन जो माड उरलाय त्याच्याखाली उभे राहा आणि वर बघा. मधला कोंब सरळ आभाळात, त्याच्या बाजूच्या तिरक्या, मग आडव्या, आणि सगळ्यात जुन्या झावळ्या खोडाला टेकतील इतक्या खाली आलेल्या. खऱ्या माडाला पंचवीस-तीस झावळ्या असतात, आपल्याला आठ-नऊ पुरतात, पण त्या या चार तऱ्हांत वाटून लावा. त्यासाठी चिमट्यासारखं तोंड असलेले छोटे तुकडे असतात ना, जे दांडीला पकडतात, ते शोधून बाजूला काढून ठेवा, कारण हवा तो कोन त्यांच्यातच मिळतो, नुसत्या बटणावर, म्हणजे ब्लॉकच्या डोक्यावरच्या गोल उंचवट्यावर, पान बसवलं की ते आडवंच राहणार.

आता माप. हे मला स्वतःला फार आवडतं म्हणून जरा सविस्तर लिहितो. लेगोचा माणूस साधारण 4 सेंटीमीटर उंच, म्हणजे खऱ्या माणसाच्या अंदाजे चाळिसावा हिस्सा. एका बटणाचा गोल ब्लॉक 8 मिलीमीटर रुंद असतो, त्याला 40 ने गुणा, 32 सेंटीमीटर, माडाचं खोड साधारण तेवढंच जाड! आणि ती बारीक दांडी, जी माणसाच्या हातात बसते, ती 3.2 मिलीमीटरची, तिचे होतात जवळपास 13 सेंटीमीटर, म्हणजे झाली पोफळ. माड आणि पोफळ शेजारी उभे केले की तो जाडीतला फरक लगेच डोळ्यात भरतो आणि बघणारा ‘अरे ही वाडी’ असं म्हणतो. ब्लॉकची उंची 9.6 मिलीमीटर, त्यामुळे पन्नास फुटी माडाला साधारण 40 गोल ब्लॉक लागतील. एवढे नसतील तर माड तोकडे करा, पण मग पोफळीही त्याच मानाने तोकड्या.

40 ब्लॉक एकावर एक नुसते रचले तर ते डुलणार आणि कुठूनतरी निखळणार, तुमचं तेच होतंय. गोल ब्लॉकला आरपार भोक आहे का बघा, बहुतेकांना असतं. त्यातून हार्डवेअरच्या दुकानातली बाइंडिंग वायर ओवा, दुहेरी पिळून. सरळ माड हवा असेल तर खराट्याचा जाड हीरसुद्धा चालतो, पण वायरला वाकवता येतं आणि वाकवलेलं तसंच राहतं, आणि समुद्राकडे झुकलेला एक तरी माड हवाच ना. तो तळापासून तिरका नसतो हं, खाली वाकतो आणि शेंडा परत वर उचलतो. तळाचे तीन थर चार बटणांच्या ब्लॉकचे करा, खऱ्या माडाचा बुंधाही फुगीर असतोच, आणि झुकलेल्या माडाच्या विरुद्ध बाजूला गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आत जांभ्याचा एखादा तुकडा दडवा, मग पंख्याची भीती नाही. फेविक्विक मात्र अजिबात नको, त्याची वाफ ब्लॉकवर पांढरट डाग पाडते आणि ते तुकडे कायमचे गेले म्हणून समजा.

रंग! खोड तपकिरी करू नका. माडाचं खोड राखाडी असतं, तरी चित्रात सगळी मुलं तपकिरीच रंगवतात. राखाडीत मध्येमध्ये मातकट ब्लॉक घाला. पोफळीला शेंड्याखाली हिरवा गुळगुळीत भाग असतो, जिथून विरी (झावळीच्या बुडाचं रुंद आवरण) सुटते, तिथे एक हिरवा तुकडा टाकलात की आजोबा खूश होतील बघा. नारळाच्या पेंडीला (घडाला) एका बटणाचे चपटे गोल तुकडे, हिरवे आणि थोडे केशरी.

आठशे तुकडे कमी नाहीत. आठ बटणांचे एकाच रंगाचे फक्त सहा ब्लॉक 91,51,03,765 तऱ्हांनी जोडता येतात! आणि पानाला पानच लागतं असंही नाही. 2021 मध्ये लेगोने 878 तुकड्यांचा बोन्साय काढला त्यात गुलाबी मोहोर म्हणून चक्क छोटे गुलाबी बेडूक लावलेत, लांबून फुलंच वाटतात.

प्रश्न : पावसाळ्यात ब्लॉक्सच्या डब्याला कुबट वास येतो, काही तुकड्यांवर काळे ठिपकेही आलेत. वॉशिंग मशीनमध्ये टाकू का? शिवाय पांढरे ब्लॉक पिवळे पडलेत.
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : मशीन नको. कोमट पाणी, 40 अंशांच्या वर नाही, थोडा भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश. बुरशी प्लॅस्टिकवर पोसत नाही, हाताचा चिकटपणा आणि धूळ यांच्यावर पोसते, त्यामुळे एकदा नीट धुतले की वास जातो. मग पंख्याखाली पंचावर पसरून पूर्ण सुकवा, ड्रायर लावू नका, आणि बटणं वर करून ठेवा म्हणजे पोकळीत पाणी साचत नाही. पानांचे तुकडे ब्लॉकपेक्षा मऊ असतात, त्यांना जरा जपून. लेगोने 2018 पासून ही पानं-झुडपं उसापासून बनवलेल्या प्लॅस्टिकची करायला घेतली, हे आपल्याकडच्या मुलांना सांगा, त्यांना फार मजा वाटते. पिवळेपणा उन्हाचा आहे. माझी एक पांढरी गलबतं-होड्यांची रांग खिडकीत राहून अशीच गेली, तेव्हापासून सगळं कपाटात. पिवळे झालेले फेकू नका, सुकलेल्या झावळीला तोच रंग लागतो.

प्रश्न : मुलीला शाळेच्या प्रोजेक्टला ब्लॉक्सची खारफुटी करायचीय. खोड आणि पानं झाली, पण ते कुठलंही झाड वाटतं.
— एक वाचक, मालवण

उत्तर : पानांत वेळ घालवू नका, खारफुटी मुळांवरून ओळखतात. आधी ठरवा, कांदळ करायचाय की तिवर. कांदळाची मुळं खोडातून कमानीसारखी बाहेर पडून चिखलात उतरतात, म्हणून खोड जमिनीला टेकवूच नका, वाकड्या तुकड्यांच्या पाच-सहा पायांवर उभं करा. तिवराचं उलट, खोड चिखलात आणि आजूबाजूला श्वास घेणारी मुळं पेन्सिलीसारखी वर आलेली, तिथे बारीक दांड्या दाटीने उभ्या खोचा. ओहोटीला मुलीला खाडीवर न्या, एक चौरस फुटात किती मुळं वर आलीत ते तिलाच मोजू दे आणि तेवढीच दाटी बोर्डावर येऊ दे.