झाडपाल्याची विचारपूस : डबीवरचा ‘पंचवीस पट’

प्रश्न : अँटिऑक्सिडंट मिळावेत म्हणून मी रोज सकाळी गुळवेल, हळद, आवळ्याचा काढा घरात सगळ्यांना देते. आता मुलाने हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल आणल्यात. डबीवर ‘आवळ्याच्या पंचवीस पट अँटिऑक्सिडंट’ असं छापलंय. सासूबाई (७८) रक्त पातळ करण्याची गोळी घेतात. त्यांना कॅप्सूल द्यावी का? आणि मोरावळ्यात गुण उरतात का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : सासूबाईंना कॅप्सूल देऊ नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

हळद पुडीत करक्युमिन, म्हणजे तिचा पिवळा रंग देणारं द्रव्य, साधारण शेकडा तीन भाग. अर्काच्या कॅप्सूलमध्ये बहुधा ५०० मिलिग्रॅम अर्क असतो आणि त्यात ९५ टक्के करक्युमिन. म्हणजे एका कॅप्सूलमागे पंधरा ग्रॅम हळद झाली. पाच चमचे हळद तुम्ही कुठल्या भाजीत घालाल? शिवाय करक्युमिन अंगी लागावं म्हणून त्यात मिऱ्याचा अर्क घालतात, आणि तो काही औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना हा खेळ नको. आमटीतली हळद मात्र खुशाल चालू द्या.

आता ‘पंचवीस पट’. अँटिऑक्सिडंट म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू शमवणारं द्रव्य. मी कॉलेजात औषधी वनस्पती शिकवायचे तेव्हा त्याचा आकडा काढायचं प्रात्यक्षिक मुलांचं लाडकं. डीपीपीएच नावाचं रसायन मिथेनॉलमध्ये विरघळवलं की गर्द जांभळं दिसतं. त्यात आवळ्याचा अर्क थेंबभर टाकला की बघता बघता जांभळा उतरून पिवळा होतो. रंग किती उतरला ते यंत्रावर मोजायचं, झाला आकडा तयार. मुलं खूश व्हायची. मग मी कोऱ्या चहाचे दोन थेंब टाकायला लावायचे. तोही पिवळा! परीक्षानळीला ना जठर असतं ना यकृत, हे मग वेगळं सांगावं लागत नसे. अमेरिकेच्या कृषी खात्यानेही पदार्थांच्या अशाच आकड्यांची आपली यादी २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली, कारण जाहिरातवाले ते आकडे सर्रास वापरत होते.

आणि ‘फायदा नाही तर नाही, तोटा तर नाही ना?’ असं म्हणू नका. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांवर पुरुषांवर मोठी चाचणी झाली. त्यांतल्या ज्यांना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीनची, म्हणजे गाजरात असतं त्या अँटिऑक्सिडंटची, गोळी मिळाली, त्यांच्यात फुफ्फुसाचा कर्करोग घटायचा तो सुमारे १८ टक्क्यांनी जास्त आढळला. हे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालं. गाजर मात्र कोणाला बाधलेलं नाही.

काढ्यातली मला खटकणारी गोष्ट गुळवेल. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली की वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, दिसायला तशीच दुसरी जात असू शकते. वाद कोणाच्याही बाजूने सुटो, तुमच्या पातेल्यात पडणारी वेल कोणती हे कोणी तपासलंय? गुळवेल हे औषध आहे. वैद्याने सांगितलं तर, सांगेल तितकेच दिवस घ्यावं. घरादाराला बारमाही पाजायचं ते पेय नव्हे. कोणाचे डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर काढा त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टर गाठा.

मोरावळा : शिजवताना क जीवनसत्त्व बरंच जातं, तुरटपणा देणारी टॅनिनं त्यामानाने टिकतात. पण पाकातली साखर विसरू नका, मधुमेह्यांनी तर नाहीच. हंगामात डोंगरी आवळा किसून, मीठ लावून जेवणात घ्या. सोबत नाचणीची भाकरी किंवा पालेभाजी असेल तर तिच्यातलं लोहही जास्त शोषलं जातं.

प्रश्न : कोकमाच्या आगळाची बाटली खिडकीत ठेवली होती, लाल रंग फिका पडला. गुण गेला का?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : थोडाफार गेला. कोकमातला तो लाल रंग म्हणजे अँथोसायनिन, आणि ते स्वतःच अँटिऑक्सिडंट. उजेड आणि उष्णता त्याला सोसत नाही. बाटली गडद काचेची घ्या नाहीतर फडताळात ठेवा. वास बिघडला नसेल तर आहे ते आगळ सोलकढीला वापरून टाका. आगळात मीठ भरपूर असतं, तेव्हा रक्तदाब असेल तर कढीत वरून मीठ घालू नका.