फोटोत काय दिसते, ते आधी सांगावे

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे वारीचे फोटो मिळाले. गटावर टाकलेल्या फोटोखाली कितीतरी जणांनी ‘अप्रतिम’ आणि ‘क्या बात है’ असे लिहिले, एकाने मात्र ‘कंपोझिशन जमलेले नाही’ एवढेच म्हटले, आणि तेव्हापासून तुला स्वस्थता नाही, हे वाचले. विश्वास कोणावर ठेवावा, असे तू विचारतेस. माझे मत असे की दोघांवरही ठेवू नये, कारण तुझ्या फोटोविषयी दोघांपैकी कोणीच काही सांगितलेले नाही. ती दोन्ही वाक्ये उचलून दुसऱ्या कुठल्याही फोटोखाली ठेवली तरी चालून जातील. खरा अभिप्राय त्या एका चौकटीला बांधलेला असतो. तो वाचताना फोटो समोर नसेल तर त्याचा अर्थच लागत नाही.

डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन दिवेघाट चढणाऱ्या वृद्ध स्त्रीचा तुझा फोटो मी संगणकाच्या मोठ्या पडद्यावर बराच वेळ पाहिला. माझी नजर प्रथम तिच्या चेहऱ्यावर जाते, तिथून वर वृंदावनाकडे जाते आणि तिथे थांबायच्या ऐवजी डाव्या कडेला घसरते, कारण तिथे कोणाचा तरी पांढरा प्लास्टिकचा रेनकोट अर्धवट कापला गेला आहे आणि साऱ्या चौकटीत तोच सर्वांत उजळ भाग आहे. तुळशीच्या पानांच्या नेमकी मागे एक काळी छत्री आल्यामुळे पानांची कड हरवली आहे. कॅमेरा वीतभर खाली धरला असतास, तर तीच पाने ढगाळ आकाशावर स्वच्छ उमटली असती. पताकांचा भगवा रंग तू इतका ताणला आहेस की कापडाच्या चुण्या दिसेनाशा झाल्या आहेत. डिजिटल फोटोतला प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा या तीन चॅनलच्या मिश्रणातून बनतो, आणि भगव्या रंगात लाल चॅनलचे मूल्य मुळातच वरच्या टोकाजवळ असते. सॅच्युरेशन, म्हणजे रंगाची तीव्रता, आणखी वाढवली की ते २५५ या कमाल मूल्यावर जाऊन अडकते आणि उजेड-सावलीतला बारीक फरक पुसला जातो. उजेडाच्या एकत्रित हिस्टोग्राममध्ये, म्हणजे फोटोत गडद-उजळ भाग किती आहेत ते दाखवणाऱ्या आलेखात, हे अनेकदा लक्षात येत नाही, म्हणून तिन्ही चॅनल वेगवेगळे पाहण्याची सवय लाव.

आता जे साधले आहे, त्याविषयी. ओझ्यामुळे त्या बाईंच्या मानेच्या शिरा ताणलेल्या आहेत आणि चेहऱ्यावर मात्र श्रमाची खूण नाही. हा विरोध पाऊल उचलण्याच्या आणि टेकण्याच्या मधल्या क्षणीच दिसू शकत होता, आणि तू तो टिपलास. हा फोटो ठेवण्याजोगा आहे तो एवढ्यासाठी. स्तुतीसुद्धा इतकी नेमकी असावी असे मला वाटते, कारण ‘अप्रतिम’ वाचून पुढच्या वारीत पुन्हा काय करायचे हे तुला कळणार नाही. मानेविषयी वाचून कदाचित कळेल.

यावरून दुसऱ्याच्या फोटोवर लिहिण्याची माझी रीत तुझ्या ध्यानात आली असेल. आधी काय दिसते आणि नजर कशी फिरते ते सांगावे, त्याचा मनावर काय परिणाम होतो ते सांगावे, आणि तो परिणाम चौकटीतल्या कोणत्या गोष्टीमुळे होतो याचा शोध घ्यावा. ‘असे केले असते तर’ हे त्यानंतर यावे, आणि सुचत नसेल तर अजिबात येऊ नये. नुसते वर्णनही पुष्कळ देऊन जाते, कारण आपला फोटो परक्या डोळ्यांना कसा दिसतो हे फोटो काढणाऱ्याला स्वतः कधीच पाहता येत नाही. निवाड्याची घाई केली की वर्णन राहून जाते, आणि मग आपण फोटोऐवजी पाठ केलेले नियम पाहू लागतो.

या घाईचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. २००६ च्या सुमारास फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावरच्या एका गटात, जिथे सदस्य फोटो ठेवावा की काढून टाकावा यावर मते देत, कोणीतरी विख्यात फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा १९३२ सालचा एक फोटो त्यांचे नाव न सांगता टाकला. दक्षिण फ्रान्समधील ईएर या गावी एका जिन्याच्या वरून घेतलेला तो फोटो आहे: खाली उतरत वळणाऱ्या पायऱ्या, त्यांच्या बाजूचा लोखंडी कठडा, आणि खालच्या वळणदार रस्त्यावरून निघून जाणारा, वेगामुळे धूसर झालेला सायकलस्वार. गटाने तो काढून टाकावा असा कौल दिला. धूसरपणाबद्दल तक्रार करणारेही त्यांत होते. या गोष्टीचा उपयोग बहुतेक जण त्या सदस्यांना हसण्यासाठी करतात, आणि ते मला पटत नाही. मोठे नाव ठाऊक झाल्यावर वाहवा करणे हीदेखील न पाहण्याचीच रीत आहे. त्या अभिप्रायांत खरी उणीव एवढीच होती, की सायकलस्वार धूसर आहे हे बरोबर टिपल्यावर, पायऱ्या आणि कठडा स्थिर असताना तोच तेवढा हललेला का, हा पुढचा प्रश्न विचारला गेला नाही. तो विचारला असता तर कठड्याचे वळण, रस्त्याचे वळण आणि त्या वळणातून निसटणारी आकृती यांचा संबंध ज्याचा त्यालाच दिसला असता.

तृतीयांशाच्या नियमाचेही असेच झाले आहे. चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन सारखे भाग कल्पून मुख्य गोष्ट मध्यभागी न ठेवता त्या रेषांवर ठेवावी, असा तो आज सांगितला जातो. हा नियम जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ मध्ये ग्रामीण निसर्गदृश्यांविषयी लिहिताना मांडला. जमीन आणि आकाश, उजेड आणि काळोख यांचे वाटप समसमान नसावे, हा त्याचा मूळ रोख होता. आज कोणतीही व्यक्ती चौकटीच्या मध्यभागी दिसली की ‘रूल ऑफ थर्ड्स पाळा’ असे लिहिले जाते, मग तो फोटो गाभाऱ्यासमोर ताठ उभ्या असलेल्या पुजाऱ्याचा का असेना, ज्याला मध्यभागच शोभतो. नियमाचे नाव घेण्याआधी, तो मोडल्यामुळे या फोटोचे नेमके काय बिघडले, हे एका वाक्यात सांगता येते का ते पाहा. येत नसेल तर तो मुद्दा सोडून दे.

लिहिण्याआधी काही साध्या गोष्टींची खात्री करून घ्यावी. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान आणि कॉम्प्रेस होऊन येतो, तेव्हा त्यावरून ‘शार्पनेस कमी आहे’ असे म्हणण्यात हशील नाही. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवावी. अॅडोबी आरजीबी या रंग नोंदवण्याच्या पद्धतीत जतन केलेला फोटो काही अॅपमध्ये फिका दिसतो, तो दोष रंगदृष्टीचा नसतो. आणि शक्यतो फोनवर पाहून मत देऊ नये, कारण बोटभर चित्रात एक मोठी आकृती आणि भडक रंग यांचीच सरशी होते आणि संथपणे उलगडणारा फोटो अन्यायाने मागे पडतो. लाइक्सच्या आकड्यावर मी भरवसा ठेवत नाही, त्याचे हेच कारण आहे.

भाषेविषयी तू विचारले आहेस, कारण लोक दुखावतात. काही जण दुखावतील, तरी दुखावण्याची कारणे पुष्कळ कमी करता येतात. वाक्याचा कर्ता फोटो असू दे, माणूस नको: ‘क्षितिज डावीकडे कलले आहे आणि त्यामुळे होडी घसरतेय असे वाटते’ हे वाचून कोणी रागावत नाही, ‘तुम्हाला क्षितिज सरळ ठेवता येत नाही’ यावर वाद होतो. एका वेळी एक किंवा दोनच मुद्दे सांगावेत, सर्वांत महत्त्वाचा आधी. ज्याने अभिप्राय मागितलेला नाही, आपल्या नातवंडाचा फोटो केवळ आनंदाने टाकला आहे, त्याच्यापुढे समीक्षा मांडू नये. फारच वाटले तर ‘यावर दोन शब्द लिहू का?’ असे विचारावे. दुसऱ्याचा फोटो उतरवून घेऊन, त्याला कातरी लावून, रंग बदलून ‘हे बघा, असे हवे होते’ म्हणून परत टाकणे मला मुळीच मान्य नाही. परवानगी असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर ‘उजवीकडून थोडे कापून पाहा’ एवढे शब्द पुरेत.

एका बाबतीत मात्र सौम्यपणाने काम भागत नाही. आषाढी एकादशीच्या आसपास चंद्रभागेत स्नान करणाऱ्या स्त्रियांचे, ओल्या लुगड्यातले, लांब पल्ल्याच्या लेन्सने दुरून टिपलेले फोटो दरवर्षी फिरतात आणि त्यांखाली ‘काय नैसर्गिक क्षण!’ असे लिहिलेले असते. असा फोटो दिसला तर प्रकाश आणि रचना कितीही उत्तम असली तरी त्यांची चर्चा करत बसू नकोस. त्या बाईंना हे ठाऊक नव्हते, ठाऊक असते तर त्यांनी तोंड फिरवले असते, आणि म्हणून हा फोटो दाखवू नये, हे सभ्य शब्दांत पण सर्वांसमोर लिही. खाजगीत सांगावे असे पुष्कळांचे मत आहे; मला ते पटत नाही, कारण वाहवा सर्वांसमोर झालेली असते आणि नव्याने शिकणारी मुले तीच पाहून पुढच्या वर्षी लेन्स घेऊन वाळवंटात उतरतात. झोपलेले, जखमी, भीक मागणारे लोक यांच्या फोटोंनाही हेच लागू आहे. फोटोतला माणूस त्या चर्चेत उपस्थित नसतो. त्याच्या बाजूने कोणीतरी बोलले पाहिजे.

आता घेण्याची बाजू. अभिप्राय आल्याबरोबर उत्तर देऊ नकोस, आणि खुलासा तर करूच नकोस. ‘पावसात तासन् तास उभी होते’, ‘मागून गर्दी ढकलत होती’ हे सारे खरे असले तरी ते चौकटीत नाही, आणि पाहणाऱ्याने केवळ चौकट पाहिली आहे. घाटातला टाळ-मृदंगाचा गजर, ओल्या मातीचा वास, त्या बाईंनी तुझ्याकडे पाहून ‘माउली’ म्हटले तो क्षण, हे सर्व तुझ्या मनात फोटोला चिकटलेले आहे, म्हणून तुला तो फोटो आहे त्यापेक्षा भरलेला दिसतो. हे चिकटलेले सुटायला काही आठवडे जाऊ द्यावे लागतात. तोवर फोटो उलटा करून पाहा. कार्तिए-ब्रेसाँ फोटो उलटे धरून पाहत, कारण तसे केल्यावर माणूस, प्रसंग आणि आठवण बाजूला होतात व फक्त आकार आणि वजने उरतात. तो पांढरा रेनकोट तुला तेव्हा ताबडतोब दिसेल.

‘कसा वाटला?’ असे विचारशील तर ‘छान’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी ‘नजर सर्वांत आधी कुठे गेली आणि कुठे अडखळली?’ असे विचार. एकमेकांची मते न वाचलेली तीन माणसे एकाच जागी अडखळली तर त्या जागी काहीतरी खुपते आहे हे मान्य कर. पण त्यांनी सुचवलेला उपाय मान्य केलाच पाहिजे असे नाही. एक म्हणेल काप, दुसरा म्हणेल काळे-पांढरे कर, तिसरा लेन्स बदलायला सांगेल. जागा बहुधा बरोबर सापडलेली असते, इलाज ज्याच्या त्याच्या आवडीचा असतो, आणि तुझा इलाज तुलाच शोधावा लागतो. जो अभिप्राय फोटो सुधारण्याऐवजी तुला दुसऱ्याच कोणासारखा फोटो काढायला सांगतो, तो आभार मानून बाजूला ठेव.

‘तू माझी वाहवा कर, मी तुझी करतो’ असा ‘अहो रूपम्, अहो ध्वनिः’चा व्यवहार बहुतेक गटांत चालतो. त्यातून बाहेर पडायला भांडण लागत नाही. गटावर राहा, पण ज्यांचे पाहणे तुला पटते अशा चार-पाच जणांशी स्वतंत्र बोलणे सुरू ठेव. आणि त्यांच्यासमोर आठवड्याचे सगळे फोटो ओतू नकोस. छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँक यांनी १९५५ आणि ५६ मध्ये अमेरिकाभर हिंडून २७ हजारांहून अधिक फोटो काढले आणि ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकासाठी ८३ निवडले. त्यांनाही धूसर, दाणेदार, कललेल्या क्षितिजांचे म्हणून नावे ठेवली गेलीच. ती टीका ते पचवू शकले, याचे एक कारण मला असे वाटते की कोणत्याही टीकाकाराच्या कितीतरी आधी, त्याहून कठोर नजरेने, त्यांनी स्वतःच ती निवड केली होती. कोणते फोटो ठेवले आणि बाकीचे का नाकारले, हे सांगता येत असेल तर बाहेरचा आक्षेप ऐकताना पाय डगमगत नाहीत.

येत्या महिनाभर स्वतःचे फोटो कमी टाक आणि दुसऱ्यांच्या फोटोंवर लिही. ज्या फोटोंखाली कोणीच काही लिहिलेले नाही असे निवड. तिथे वाट पाहणारा माणूस असतो आणि तुझ्या मतावर दुसऱ्या कोणाच्या मताची सावली पडत नाही. एका फोटोला निदान पाच मिनिटे दे, मगच लिहायला घे. लिहिलेल्यातले चार-सहा अभिप्राय मला फोटोंसह पाठव, म्हणजे आपल्याला फोनवर सविस्तर बोलता येईल.

कळावे.

तुझी,
बाई