काळ्या सुती टी-शर्टवर सबलिमेशन प्रिंट काढायला हीट ट्रान्सफर व्हिनाइल (उष्णतेने कापडावर चिकटणारी प्लास्टिकची शीट) चालेल का?

चालेल, पण साधं नको, पांढरं ग्लिटर व्हिनाइल घ्या. सबलिमेशनची शाई गरम झाली की वायू होऊन पॉलिएस्टरमध्ये शिरते. सुतात ती धरत नाही, धुतल्यावर उडते. शिवाय या शाईत पांढरा रंग नसतोच, त्यामुळे काळ्या कापडावर खाली पांढरा थर हवाच. मी कापडी पिशव्यांवर असंच करते: आधी व्हिनाइल साधारण १६० अंशांवर चिकटवायचं, वरची पारदर्शक फिल्म सोलायची, मग उलटी छापलेली प्रिंट पालथी ठेवून, वर बटर पेपर घालून १९५-२०० अंशांवर दाबायची. वेळ आधी तुकड्यावर तपासा. साध्या व्हिनाइलवर पहिल्या दिवशी रंग झकास दिसतो, पण पुढे शाई पसरून कडा धूसर होतात. ग्लिटरचा पृष्ठभाग खरखरीत असतो, तेव्हा बारीक अक्षरं मात्र टाळा.